चौसाळ्याची वीडरकेर

अंबाजोगाईत जर्मन शिकवणारी बहुधा मी एकटीच. पुण्यात असताना आवड म्हणून त्या भाषेची पदवी घेतली, लग्न होऊन इकडे आले आणि पुढची चौदा-पंधरा वर्षं त्या पदवीचा उपयोग सासूबाईंना पाहुण्यांसमोर सांगण्यापुरताच झाला. मग जर्मनीत नर्स हव्या आहेत असं इथल्या मुलींच्या कानावर आलं. एक मुलगी विचारत आली, तिच्यामागून तिच्या मैत्रिणी आल्या, आणि आमच्या रंगाच्या दुकानावरच्या खोलीत, जिथं पूर्वी रिकामे डबे रचलेले असत, तिथं वर्ग सुरू झाला. खोलीतला टर्पेंटाइनचा वास अजून गेलेला नाही. पाटोदा, केज, धारूर, चौसाळा, कुठून कुठून मुली येतात. नर्सिंग झालेलं असतं, घरच्यांना कसंबसं पटवलेलं असतं, आणि परीक्षा पास व्हायला आठ-नऊ महिने हातात असतात.

पहिल्याच आठवड्यात मी प्रत्येकीला एक जर्मन आडनाव देते. तिकडे फोन उचलला की आधी स्वतःचं आडनाव सांगायचं असतं. त्याची सवय जिभेला लागावी म्हणून ही युक्ती. एका जुन्या डब्यात चिठ्ठ्या टाकते, मुली एकेक उचलतात, मी अर्थ सांगते. म्युलर म्हणजे गिरणीवाला, तिकडचं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव. श्मिट म्हणजे लोहार. वेबर, विणकर. त्सिमरमान, सुतार. दर वर्षी कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, हे तर आपल्यावानीच हाय की! तांबोळी, आत्तार, सोनार."

त्या वर्षी चौसाळ्याची एक मुलगी होती. उंच, जरा वाकून चालणारी. ऐकलेल्या शब्दाचं शेवटचं अक्षर ती ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणायची, त्यामुळे वर्गात माझ्या मागे सतत एक बारीक प्रतिध्वनी असायचा. वडलांचं हायवेवर ट्रक दुरुस्तीचं गॅरेज. तिचं स्वतःचं आडनाव असं, की चौसाळ्याच्या बाजारात हाक मारली तर निम्मा बाजार वळून बघेल. वर्गातच त्या आडनावाच्या चौघी होत्या. दोघींची तर नावंही तीच. फॉर्म भरताना, निकाल लागताना नेहमी गोंधळ व्हायचा. म्हणून चिठ्ठी उचलताना ती म्हणाली, "मला कुणाचंच नसलेलं द्या, मॅडम."

तिला चिठ्ठी आली 'वीडरकेर'.

मुलींनी लगेच हसून घेतलं. "केर! जा, जर्मनीला जाऊन केर काढ!" ती पण हसली. मी सांगितलं, "वीडर म्हणजे पुन्हा. केर म्हणजे वळणं. वीडरकेर म्हणजे परत येणं."

"कोण परत येतं, मॅडम?"

"असेल कुणी पूर्वज."

"कुठून?"

 घरी जाऊन थोडं वाचलं आणि दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं. हे आडनाव तसं कमीच आढळतं, जास्त करून स्वित्झर्लंडकडे आणि जर्मनीच्या दक्षिण टोकाला. त्याच्या उगमाबद्दल दोन मतं दिसतात. कुणी म्हणतं, लांब गेलेला आणि कुणाला वाटलं नव्हतं असा परत आलेला जो माणूस, त्याला लोक हे नाव ठेवत असतील. कुणी म्हणतं, तसं काही नाही, रस्त्याच्या वळणावर ज्याचं घर असेल त्याचं हे आडनाव.

"आमचं गॅरेजबी वळणावरच हाय," ती म्हणाली, आणि वहीच्या पहिल्या पानावर तिनं ते नाव रोमन अक्षरांत काढलं. तेव्हापासून वर्गात आम्ही तिला त्याच नावानं हाक मारायचो. माझ्या फोनमध्येही तिचा नंबर मी त्याच नावानं ठेवला.

घरी सरावाला जोडीदार नाही अशी तिची तक्रार होती. मी तिला उपाय सांगितला: फोनवरच्या संभाषणातली आपली बाजू तेवढी रेकॉर्ड कर, समोरच्याच्या बोलण्यापुरती जागा मोकळी सोड, मग ते लावून मोकळ्या जागी मोठ्यानं उत्तरं दे. तिनं ते फार मनावर घेतलं.

ती परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाली. तिकडच्या एका वृद्धाश्रमाचं नेमणुकीचं पत्र आलं. व्हिसाची तारीख मिळायची राहिली होती. पावसाळा संपता संपता तिला ताप आला. डेंग्यू निघाला. सातव्या दिवशी गेली. मला कळलं तेव्हा दफन होऊन गेलं होतं. मी चौसाळ्याला गेले नाही. जाऊन काय बोलायचं, असं स्वतःला सांगत राहिले.

फेब्रुवारीत एका दुपारी पोस्टमन जिना चढून वर आला. दुपारचा वर्ग सुटला होता, मी एकटीच फळा पुसत होते. त्याच्या हातात जाड, परदेशी तिकीट लावलेलं पाकीट होतं.

"मॅडम, खाली दुकानात विचारलं, त्ये न्हाई म्हणाले. ह्या नावाचं कुणी ऱ्हातंय का वर?"

पाकिटावर शाईच्या पेननं, वळणदार जुन्या अक्षरात लिहिलं होतं: श्रीमती वीडरकेर. खाली आमच्या वर्गाचा पत्ता.

मी हात पुढे केला. "राहते," असं माझ्या तोंडून गेलं. का गेलं, सांगता येत नाही.

पत्र एका म्हाताऱ्या माणसाचं होतं, जर्मनीच्या दक्षिणेकडचं. स्वतःही वीडरकेर. निवृत्त झाल्यापासून त्यानं एकच काम हाती घेतलं होतं, आपल्या आडनावाची सगळी माणसं शोधून त्यांची यादी करायची. कुठलं नाव कोणत्या देशात किती जणांचं आहे हे दाखवणारी एक साइट त्याला सापडली होती. त्यात त्याला भारतात एक माणूस दिसला आणि तो चकित झाला. शोधत शोधत त्याला सोशल मीडियावर तिचं खातं सापडलं. त्यानं लिहिलं, तिनं उत्तर दिलं. आपली जर्मन कच्ची आहे असं ती म्हणाली होती, पण त्याच्या मते ती छान लिहायची. पत्ता तिनंच दिला होता. सप्टेंबरपासून मात्र तिनं काही लिहिलं नव्हतं.

पुढची ओळ मी दोनदा वाचली. मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा वाचली. त्यानं लिहिलं होतं, 'तरी तुम्ही बऱ्या आहात हे मला ठाऊक आहे. गेल्या मंगळवारी माझ्या निरोपाखाली तुमची वर केलेल्या अंगठ्याची खूण आली, आणि तुम्ही "आभार" असंही लिहिलंत. मला फार बरं वाटलं. आता फक्त जन्मतारीख आणि वडलांचं नाव कळवा, म्हणजे तुमची ओळ पूर्ण होईल.'

सोबत यादीतलं एक पान होतं. नावं, जन्म, मृत्यू, गावं. सगळ्यात शेवटी तिचं नाव, गावाच्या रकान्यात 'बीड, भारत'. मृत्यूचा रकाना कोरा.

पत्रावर तारीख जानेवारीची होती. ती सप्टेंबरात गेली होती.

बाहेर लख्ख ऊन होतं. खाली दुकानात रंग ढवळायचं यंत्र चालू होतं, गिऱ्हाईक बोलत होतं. सगळं नेहमीसारखं होतं. मी फोनवर ती साइट उघडली. नाव टाकलं. वर स्वित्झर्लंड, मग जर्मनी, मग बाकीचे देश उतरत्या क्रमानं. अगदी तळाला भारत, आणि त्यापुढे एक. नकाशावर बोट ठेवलं तर मराठवाड्याच्या मधोमध एक ठिपका आला. अशा साइट लोकांच्या खात्यांवरून नावं गोळा करत असाव्यात, तिनं सरावासाठी त्या आडनावानं खातं उघडलं असेल, हे मला कळत होतं. कळूनही मी मान वर करून जिन्याकडे बघितलं.

मग मी तिचं खातं शोधलं. तिचा फोटो होता, पांढऱ्या गणवेशातला. फोटोच्या कडेला हिरवा ठिपका होता. म्हणजे ती त्या क्षणी तिथं होती.

मी तिचा नंबर लावला. तीनदा वाजला आणि उचलला गेला. पलीकडे कुणी बोललं नाही. हवा सुटल्यासारखा एक लांब फुस्स आवाज आला, थांबला, परत आला. मी तिचं नाव घेतलं, खरं नाव. कुणी उत्तर दिलं नाही. फोन बंदही झाला नाही. शेवटी मीच बंद केला.

घरात मी कुणाला सांगितलं नाही. पुढचे दोन दिवस शिकवताना मी म्हटलेल्या शब्दाचं शेवटचं अक्षर कुणीतरी माझ्या मागे म्हणतंय असं वाटायचं, आणि मी वाक्य अर्धवट सोडून वळून बघायचे. मुली एकमेकींकडे बघू लागल्या. तिसऱ्या दिवशी वर्गाला सुट्टी दिली आणि पत्र पर्समध्ये घालून एसटीत बसले. मांजरसुंब्याला गाडी बदलून चौसाळ्याला उतरले तेव्हा बारा वाजून गेले होते. गॅरेज कुणीही दाखवलं असतं. रस्ता वळतो तिथंच, टायरांच्या ढिगामागे.

एक ट्रक उभा होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. कॉम्प्रेसर फुस्स करून थांबला आणि त्या शांततेत मला तिचा आवाज ऐकू आला.

"गुटन टाग. हीअर इस्ट वीडरकेर."

नमस्कार, मी वीडरकेर बोलतेय. आवाज ट्रकखालून येत होता. स्पष्ट, सावकाश, मी शिकवला तसा 'र' गिळून.

"वी गेट एस इनन?" तुम्ही कसे आहात?

मी जागची हलले नाही. ऊन डोक्यावर होतं, पायाखालची माती ऑइलनं काळी झालेली होती, आणि मेलेली मुलगी मला कशी आहेस विचारत होती.

मग ट्रकखालून एक पुरुषी आवाज आला, हळू, घरात बोलावं तसा. "बरा हाय बेटा. काल स्प्रिंगच्या पाट्याचं काम आलतं. कंबर लई दुखाया लागली."

थोडा वेळ गेला. "दास फ्रॉइट मिश," ती म्हणाली. हे ऐकून आनंद झाला.

"तुझी अम्मी जेवती आता. दोन रोटी खाती. डॉक्टरकडं नेलं व्हतं."

"नोख आइनमाल, बिटे. इश हाबं झी निश्ट फरश्टांडन."

मला रडू आवरेना. माझ्या पायांचा आवाज झाला असेल, कारण ट्रकखालून तिचे वडील सरकत बाहेर आले. छातीवर फोन, हात कोपरापर्यंत काळे. मला बघून ते उठले नाहीत, तसेच बसून राहिले.

"मॅडम," ते म्हणाले. मग पहिला प्रश्न हाच विचारला, "आता काय म्हणली ती?"

"पुन्हा एकदा सांगा म्हणते. समजलं नाही."

त्यांनी मान हलवली. फोनकडे वाकून, जरा मोठ्यानं म्हणाले, "अम्मी जेवती, बेटा. दोन रोटी." मग रेकॉर्डिंग बंद केलं.

त्यांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला. "परवा तुमचा फोन आलता," ते म्हणाले. "उचलला मी. पर स्क्रीनवर मॅडम असं आलं, तिनं लिहिलेलं, अन् मला काय बोलावं कळंना. माफ करा."

रोज दुपारी, गिऱ्हाईक नसेल तेव्हा ते हे लावतात. कसं काय सापडलं विचारलं तर म्हणाले, तिच्या फोनचा लॉक तिनंच त्यांना शिकवून ठेवला होता, कारण हा फोन घरी ठेवून ती तिकडे नवा घेणार होती आणि याच्यावर व्हिडिओ कॉल करणार होती. शब्द कळत नाहीत. पण कुठं ती थांबते ते कळतं. पहिले काही दिवस नुसतं ऐकलं. मग एकदा ती थांबली अन् आपोआप तोंडातून उत्तर गेलं. "ती थांबतीच तशी, मॅडम. जसं खरंच ऐकतीय. गप ऱ्हाणं बरं वाटंना."

मी पत्र काढलं आणि त्यांना सगळं वाचून दाखवलं, मराठी करत. अंगठ्याच्या खुणेपाशी आले तेव्हा त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं.

"लागलं आसंल बोट. कायबाय वर येतं मधीच, मी सारून टाकतो."

"आणि 'आभार'?"

"मला कुठं लिवता येतं ती भाषा?"

फोन स्वतःच छोटी उत्तरं सुचवतो, त्यावर बोट पडलं असेल, असं मी त्यांना समजावलं. ते हो म्हणाले. बोलता बोलता आम्ही दोघंही त्या फोनकडे बघत होतो. तो टूलबॉक्सवर पडला होता, पडदा काळा.

"आता त्यांना काय लिहू?" मी विचारलं. "कळवलं तर ते तिचं नाव काढतील यादीतून. ते आडनाव तिचं नव्हतंच."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "कब्रस्तानात दगड हाय निशाणीला. नाव न्हाई टाकलं. आमच्यात लई जण टाकत न्हाईत. मलाबी वाटलं नव्हतं कधी, टाकावं म्हणून." त्यांनी यादीचं पान मागितलं. काळे हात लागू नयेत म्हणून मीच धरून दाखवलं. त्यांनी तिचं नाव बघितलं, परकी लिपी, तरी ओळखलं. "तिच्या वहीत आसंच हाय," ते म्हणाले. "खरं लिवा मॅडम. म्हातारा माणूस हाय, त्याला खोट्यात ठिवू नका. मग त्याला काय करायचं ते करू द्या."

मी त्याच आठवड्यात लिहिलं. सगळं: चिठ्ठ्यांचा डबा, ताप, ट्रकखालचं बोलणं. जर्मनमध्ये एवढं लांब पत्र मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. शब्दकोश उघडावा लागला नाही, याचंच मला नंतर नवल वाटलं.

उत्तर यायला दीड महिना लागला. म्हाताऱ्यानं लिहिलं होतं की पत्र वाचून तो दोन दिवस घराबाहेर पडला नाही. रोज नातवंडाशी बोलावं तसं तो तिच्याशी बोलत होता, सप्टेंबरनंतरही, तिची खूण आली की दिवस बरा जायचा. यादीबद्दल त्यानं विचार केला होता. त्याच्या यादीत काहींना हे आडनाव जन्मानं मिळालं होतं, काहींना लग्नानं, एका मुलाला दत्तक गेल्यामुळे. त्यानं एक नवी नोंद सुरू केली: स्वतः घेतलेलं. त्यात ती एकटीच आहे. मृत्यूचा रकाना त्यानं भरला होता. वडलांच्या नावाचा मोकळा ठेवला होता, त्यांची हरकत नसेल तर भरायचा म्हणून.

मी फोन केला तेव्हा वडलांनी नाव सांगितलं, पूर्ण, आजोबांच्या नावासकट. एकेक अक्षर नीट जातंय ना, याची खात्री करून घेतली. मग विचारलं, "तुमी एकदा याल का? सतरा रेकॉर्डिंगं हायत. मला अर्थ सांगा."

उन्हाळ्यात मी दोनदा गेले. गॅरेजच्या पत्र्याखाली बसून आम्ही ती क्रमानं ऐकली. ती एका डॉक्टरला फोन करते. एका आजीला औषध घेतलंत का विचारते. बस चुकली म्हणून उशीर होईल असं कळवते. हवामानाबद्दल बोलते, चौसाळ्यातल्या खोलीत बसून, बर्फ पडतोय म्हणते. वडील प्रत्येक वाक्याचा अर्थ ऐकून घ्यायचे आणि आपण आजवर त्या जागी काय उत्तर देत आलो होतो ते आठवून कधी हसायचे. औषधाच्या वाक्याला ते रोज ट्रकचं सांगत होते.

सोळावं संपलं. सतरावं ती गेली त्याच्या आठ-दहा दिवस आधीचं होतं. मी ते लावायला बोट पुढे केलं तर त्यांनी फोन उचलून घेतला.

"ह्ये ऱ्हाऊ द्या, मॅडम."

"लहानच आहे. लगेच सांगते."

"न्हाई. ह्यात ती लई वेळ थांबती. दुसऱ्या कशात एवढं थांबत न्हाई." त्यांनी फोन खिशात ठेवला. "तिथं मी बोलतो ते बरोबर आसंल न्हाईतर चूक. ते मला न्हाई कळून घ्यायचं."

मी आग्रह केला नाही. वळणावर हॉर्न वाजला, धूळ उडवत एक टँकर आत वळला, आणि ते हात पुसत उठले.